रातवा : व्हँपायरच्या जखमेचा हिशोब

२६ मे, रविवार

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापते नऊ दिवस, कालपासून लागला. दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही, म्हणून डाव रात्री गच्चीवर मांडले. जेवणं उरकल्यावर पाणी शिंपडलं, सतरंजी टाकली, आणि मी बनवत असलेल्या 'रातवा' या पत्त्यांच्या खेळाचे पहिल्यांदाच पूर्ण डाव झाले.

पुढे मलाच लागेल म्हणून खेळाची मांडणी इथे लिहून ठेवते. दोन खेळाडू, प्रत्येकाकडे ४० पत्ते. एकाचे गावकरी, दुसऱ्याचे व्हँपायर. पात्राच्या पत्त्यावर दोन आकडे, मार आणि जीव. जखम झाली की तेवढी टोकनं पत्त्यावर ठेवायची आणि ती तिथेच राहतात. जखमा जीवाएवढ्या झाल्या की पत्ता बाद. व्हँपायरला दोन जास्तीचे नियम दिलेत. रक्तपान म्हणजे चावून जेवढा मार दिला तेवढ्या आपल्या जखमा काढायच्या. रीजनरेशन म्हणजे आपल्या टर्नच्या सुरुवातीला दोन जखमा आपोआप जातात.

चार डाव झाले, चारही व्हँपायरने जिंकले. पण हरण्याजिंकण्यापेक्षा शेवटच्या डावातली गोष्ट मनात राहिली. आतेभाऊ गावकऱ्यांकडून खेळत होता. त्याच्या लाठीवाल्याचा मार २. समोर ६ जीवाचा व्हँपायर. तीन टर्न त्याने लाठी मारली आणि तिन्ही वेळा मी टोकनं उचलून डब्यात टाकली. चौथ्या वेळी त्याने हातातले पत्ते सतरंजीवर पालथे ठेवले. "ताई, मी मारू कायले? मी दोन मारतो, थे दोन भरून काढते. माह्या टर्नचं काही होतच नाही."

त्याचं म्हणणं खरं होतं. मी त्याच्या तीन टर्न पुसून टाकल्या होत्या.

२७ मे

सकाळी वहीत आकडे मांडले. व्हँपायरचा जीव ६, दर टर्नला २ जखमा भरतात. आता समोरून दर टर्नला येणारा मार बदलत नेला.

मार २ असेल तर व्हँपायर कधीच मरत नाही. मार ३ असेल तर ६ चे ३, भरून ५, मग २, भरून ४, मग १, भरून ३, आणि चौथ्या घावाला मेला. रीजनरेशन नसतं तर दोन घावांत गेला असता. मार ४ असेल तर ६ चे २, भरून ४, दुसऱ्या घावाला खलास. रीजनरेशन नसतं तरी दोनच घाव लागले असते. मार ५ लाही तेच. मार ६ असेल तर एका घावात.

म्हणजे नियम तोच, पण दोनच्या माराला तो अभेद्य भिंत आहे, तीनच्या माराला दुप्पट आयुष्य आहे आणि चारच्या पुढे त्याचा काहीच उपयोग नाही. इतके दिवस मी 'दोन जास्त आहे का, दीड करू का' याच घोळात होते. चूक आकड्यात नाही. आपोआप भरणारी जखम गावकऱ्यांच्या डेकमधल्या निम्म्या पत्त्यांना निकामी करते आणि मोठ्या माराच्या चार-पाच पत्त्यांना राजा करते. मग डाव म्हणजे मोठा पत्ता हाती येईपर्यंत वाट बघणं.

दोनचा एक केला तर? मग एकच्या माराचे पत्ते निकामी. भिंत फक्त खाली सरकते, जात नाही.

२ जून

नवतप्याचा शेवटचा दिवस. आठवडाभर एक पत्ता डोक्यात होता, तो आज काढला. नाव अर्थातच 'नवतपा'. हा टाकला की पुढच्या तीन टर्न कोणाचीही जखम भरत नाही. उन्हाने व्हँपायर जळतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण नागपूरकराला ते समजावून सांगावं लागत नाही. दुपारी एक वाजता बर्डीवर उभं राहिलेल्या माणसाला ऊन हे शस्त्र आहे हे अंगाने कळतं. पत्त्यावर मी सूर्य काढलाच नाही. ओस पडलेला रस्ता, बंद शटर आणि खांबाच्या सावलीत बसलेलं एक कुत्रं काढलं.

पत्ता आवडला सगळ्यांना. मलाही. पण रात्री हिशोब करून बघितला. ४० पत्त्यांत ३ नवतपे. सुरुवातीला ५ पत्ते हातात, मग दर टर्नला एक. चौथ्या टर्नपर्यंत ९ पत्ते बघायला मिळतात. त्यात निदान एक नवतपा असण्याची शक्यता येते साधारण ५४ टक्के. चार नवतपे घातले तरी ६६ च्या आसपास. म्हणजे तीन घातले तर शंभरातल्या पंचेचाळीस डावांत गावकऱ्याला चौथ्या टर्नपर्यंत उत्तर मिळतच नाही, तो नुसता लाठ्या मारत बसणार.

एखादा नियम वाईट असेल तर त्यावर उतारा म्हणून एक चांगला पत्ता देणं हा उपाय नव्हे. नवतपा राहील, पण आधी नियम स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे.

९ जून

दुसऱ्यांनी हा प्रश्न कसा सोडवला ते वाचत बसले.

मॅजिक द गॅदरिंग हा रिचर्ड गारफिल्डचा पत्त्यांचा खेळ १९९३ पासून आहे, आणि रीजनरेशन त्यात पहिल्या संचापासून होतं. पण तिथे पात्रांवरचं डॅमेज टर्न संपली की पुसलंच जातं, त्यामुळे जखम भरणं हा प्रश्नच उरत नाही. रीजनरेशन म्हणजे तिथे मरणाच्या जागी घडणारी गोष्ट. पात्र मरणार असेल तर मरत नाही, त्यावरचं डॅमेज जातं, ते आडवं होतं आणि लढाईतून बाहेर निघतं. नवीन खेळाडूंना नावावरून वाटायचं की मेलेलं पात्र परत येतं. शेवटी २०१६ च्या सुमारास नव्या पत्त्यांवर तो शब्द छापणंच थांबवलं. तेवीस वर्षं चाललेला शब्द बाजूला ठेवायला हिंमत लागते.

दुसरं वाचलं ते 'व्हँपायर : द इटर्नल स्ट्रगल'चे नियम. १९९४ चा खेळ, तोही रिचर्ड गारफिल्डचाच. त्यात व्हँपायरचं रक्त हेच त्याचं सगळं काही. जखम झाली तर रक्त खर्चून भरायची. रक्त संपलं आणि जखम भरता आली नाही तर व्हँपायर निपचित पडतो. शिकारीला गेला तर एक रक्त मिळतं. एकच. आणि काही जखमा अशा असतात की त्या नेहमीसारखं रक्त देऊन भरतच नाहीत.

'एकच' या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. माझ्या रक्तपानात ३ मार दिला की ३ जखमा जातात. म्हणजे जो ताकदवान तोच जास्त बरा होतो, आणि बरा झाल्याने पुन्हा ताकदवान राहतो. हे चक्र डावाच्या मध्यात कोणालाच तोडता येत नव्हतं. चावणं एक, रक्त एक, हे साधं आणि न्याय्य आहे.

रक्तपान आजपासून बाद. चावलं की एक थेंब मिळेल, मार कितीही असो.

२३ जून

पाऊस आला. गच्ची बंद, डाव आता समोरच्या खोलीत.

हे खेळाचं नाही, पण इथेच लिहायला हवं. बाबांच्या पायाला एप्रिलमध्ये जखम झाली होती. साखर असल्यामुळे अडीच महिने झाले तरी ड्रेसिंग चालू आहे. आज पट्टी मी बदलली. जखम वरून जवळजवळ मिटलेली दिसत होती आणि मला आनंद झाला. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं मात्र विसरले होते : जखम खालून भरत वर यायला पाहिजे. वरून आधी मिटली तर आत पू राहतो. आजी बाजूला बसून बघत होती. म्हणाली, "जखम काय फुकट भरते का बाप्पा? दिवस लागतात, अन्न लागते, कोणीतरी उठबस करा लागते."

दिवस लागतात. अन्न लागतं. माझ्या खेळातल्या जखमेला यातलं काहीच लागत नव्हतं.

२४ जून

ऑफिसमधून आल्यावर नवीन नियम लिहिला. दोन गोष्टी.

पहिली, अन्न. प्रत्येक व्हँपायर दोन गुंजा घेऊन टेबलावर येतो. जिवंत पात्राला चावला की एक गुंज मिळते. एका पत्त्यावर जास्तीत जास्त तीन. जखम भरायची असेल तर एका जखमेला एक गुंज द्यायची, एका टर्नला दोनपेक्षा जास्त जखमा नाहीत.

दुसरी, दिवस. ताजी जखम लगेच भरत नाही. समोरच्याने मारलं की टोकन पत्त्याच्या वरच्या कडेला ठेवायचं. आपली टर्न आली की ते खालच्या कडेला सरकवायचं, म्हणजे जखम जुनी झाली. फक्त जुनी जखम भरता येते.

गुंजा खऱ्याच आहेत. आजीच्या डब्यात मूठभर निघाल्या. लाल, डोक्यावर काळा ठिपका, सोनार वजनाला वापरायचे त्या. हातात घेतल्या की रक्ताचा थेंब गोठल्यासारख्या दिसतात. पण बी विषारी असते, आणि डावाला शेजारची लहान मुलंही येतात. म्हणून खेळात वापरायला इतवारीतून लाल काचमणी आणले. नाव गुंजच ठेवलं.

आता हिशोब. ६ जीवाचा व्हँपायर, दोनच्या मारासमोर, चावायला कोणी नाही. पहिला घाव २ जखमा, ताज्या, भरता येत नाहीत. दुसरा घाव, एकूण ४. आता दोन जुन्या भरल्या, गुंजा संपल्या, उरल्या २. तिसऱ्याला ४, चौथ्याला ६, मेला. चार घाव. रीजनरेशन नसतं तर तीन. जीव ६ अधिक गुंजा २, एकूण ८ मार. समोरच्याला नुसतं बघून बेरीज करता येते! लाठीवाला पुन्हा कामाचा झाला.

तोच व्हँपायर दर टर्नला एकदा चावत राहिला तर सहाव्या घावाला मरतो. म्हणजे त्याला उपाशी ठेवणं हीच गावकऱ्याची लढाई.

३० जून

आज व्हँपायर मरेचना. मैत्रीण व्हँपायरकडून खेळत होती, आतेभाऊ गावकरी. तीन टर्न मी बघत राहिले, आकडा जुळत नव्हता. मग तिच्या बोटांकडे बघितलं. टर्न आली की ती आधी टोकनं खाली सरकवत होती आणि मग गुंज देऊन तीच टोकनं उचलत होती. ताजी जखम सरकवल्याबरोबर जुनी झाली आणि लगेच भरली. मधला सगळा वेळ गायब.

तिची काहीच चूक नाही. मी कागदावर लिहिलं होतं, 'टर्नच्या सुरुवातीला जखमा सरकवा व भरा'. वाचणारा त्याच क्रमाने करणार. आता पत्त्यावर छापायचं वाक्य असं : 'आधी भरा, मग सरकवा.' चार शब्दांनी खेळ बदलतो.

शब्दांचाच आणखी एक घोळ निस्तरला. आम्ही सगळ्यालाच 'हीलिंग' म्हणत होतो. जखम कमी झाली की हीलिंग, मेलेला परत उठला की हीलिंग, मार बसण्याआधी अडवला तरी हीलिंग. मराठीत यासाठी वेगवेगळे शब्द तयार आहेत. जखम भरते. मेलेला उठतो. घाव चुकतो. पत्त्यांवर आता हीच तीन क्रियापदं, आणि एकाच्या जागी दुसरं कुठेही नाही. नवीन माणसाला समजावून सांगायचा वेळ निम्म्यावर आला.

जाता जाता : व्हँपायरला 'वेताळ' का म्हणत नाहीस, असं मैत्रिणीने विचारलं. वेताळ प्रेतात शिरून राहतो, शरीर त्याचं नसतंच, ते फाटलं काय नि कुजलं काय. त्याला जखम भरायचं कारण नाही. व्हँपायरला मात्र स्वतःचं शरीर टिकवायचं असतं आणि त्यासाठी दुसऱ्याचं रक्त लागतं. या दोन भुका वेगळ्या आहेत, त्यांना एका नावात कोंबणं मला पटत नाही. वेताळाची वेगळी टोळी कधीतरी करेन, अंग बदलणारी.

१४ जुलै

गेल्या दोन रविवारी मिळून दहा डाव. व्हँपायर ७, गावकरी ३. आतेभाऊ म्हणे अजून गुंज कमी करा.

घाई करणार नाही. नाणं अगदी सरळ असलं तरी दहा वेळा उडवल्यावर सात किंवा त्याहून जास्त छापे पडण्याची शक्यता १०२४ मध्ये १७६, म्हणजे १७ टक्के. दहा डावांवरून नियमाला हात लावायचा नाही. त्यापेक्षा प्रत्येक डावानंतर हरलेल्याला एकच प्रश्न विचारते, 'कोणत्या टर्नला वाटलं की आता काही करून उपयोग नाही?' मे महिन्यात उत्तर यायचं तिसरी, चौथी. आता येतं शेवटची किंवा त्याच्या आधीची. हा आकडा मला सातापेक्षा जास्त खरा वाटतो.

४ ऑगस्ट

'पेटी' काढून टाकली. मेलेला व्हँपायर पेटीत जातो आणि दुसऱ्याने दोन गुंजा दिल्या की उठतो, असा नियम होता. चित्रही चांगलं झालं होतं, अर्धवट उघडं झाकण आणि आतून आलेली चार बोटं. पण डाव सव्वा तासावर जातो आणि शेवटच्या वीस मिनिटांत नवीन काही घडत नाही. मेलेला मेला. वाईट वाटलं, पण गेली.

१८ ऑगस्ट

बुजगावणं. मार ०, जीव ४. गावकरी ते व्हँपायरच्या आड घालतो. व्हँपायर चावतो, पण त्यात रक्त कुठलं? गुंज नाही. हा पत्ता बाबांनी सुचवला, शेतातला म्हणून. पाय आता बराच बरा आहे, ते खाली बसून एक डाव खेळलेसुद्धा.

पण व्हँपायरचा मार ३, म्हणून ४ जीवाचं बुजगावणं दोन टर्न उभं राहतं. दोन टर्न उपाशी, पाठोपाठ दुसरं बुजगावणं, आणि व्हँपायरवाला नुसता पेंढा चावत बसतो. मे महिन्यात आतेभावाचं जे झालं तेच आता समोरच्या बाजूला होत होतं. जीव ३ केला. एका चाव्यात पडतं, एका टर्नची गुंज बुडते. एवढं पुरे.

३ सप्टेंबर, मारबत

सकाळी इतवारीत मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला गेलो. लहानपणापासून बघते आहे, यंदा डोक्यात पत्ते घेऊन गेले. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. आजूबाजूला बडग्यांचे पुतळे, आणि रस्ताभर तोच ओरडा, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत'. खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा. सगळ्या गावाचं दुखणं एका पुतळ्यावर घालायचं आणि वेशीबाहेर नेऊन जाळायचं.

तिथे गर्दीत उभं असताना कळलं की गावकऱ्यांना बरं व्हायचा रस्ता मी दिलाच नव्हता. व्हँपायर दुसऱ्याचं रक्त घेऊन बरा होतो. गावाने सगळी जखम एकीवर घालून तिला निरोप द्यावा. पत्ता तिथेच मोबाइलवर लिहिला. मारबत, डेकमध्ये एकच. टाकली की आपल्या कोणत्याही पात्रांवरच्या मिळून सात जखमांपर्यंत तिच्यावर घ्या, मग तिला खेळाबाहेर ठेवा. ताज्या घ्या की जुन्या, तिला फरक पडत नाही. आणि ती परत येत नाही, कोणत्याही पत्त्याने.

तिच्यावर गुंजा टाकता येतील का, असं आतेभावाने विचारलं. नाही. ती दुखणं घेते, कोणाचं अन्न घेत नाही.

११ सप्टेंबर

घरी महालक्ष्म्यांचं जेवण. सगळं माहेर-सासर जमलं होतं. आंबील-पुरणपोळी झाल्यावर मोठी माणसं आडवी झाली आणि मामेबहिणीच्या सातवीतल्या मुलीने पत्त्यांचा डबा काढला. तिला नियम मी नाही, आतेभावाने सांगितले. मी लांब बसून पानं पुसत होते.

तिच्याकडे गावकरी. समोर तोच ६ जीवाचा व्हँपायर, खाली दोन जुन्या जखमा, वर काही नाही, पत्त्यावर एक गुंज. तिच्याकडे दोन लाठीवाले आणि एक बुजगावणं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग बोट मण्यावर ठेवून म्हणाली, "सहातून दोन गेले, चार उरले. ही एक गुंज म्हणजे पाच. मी आत्ता चार मारते, तर हा आत्ताच मरते ना? मंग गुंज मोजायचीच नाही. ते पुढच्या टर्नसाठी असते." आणि दोन्ही लाठीवाले पुढे केले.

आतेभाऊ माझ्याकडे बघून हसला. चार ताज्या, दोन जुन्या. व्हँपायर बाद, मणी डब्यात.

छपाईआधी राहिलेलं : नवतप्याचा काळ तीनवरून दोन टर्न करून बघायचा. मारबतीच्या पत्त्यावरचा मजकूर पाच ओळी झालाय, तीन ओळींत बसवायचा. आणि ताज्या जखमेची कडा अजून जरा रुंद हवी, टोकनं घसरतात.